बंटीच्या घशातलं केळं

उल्का खानझोडेच्या दवाखान्यात जनावरांपेक्षा त्यांना घेऊन आलेली माणसंच जास्त घाबरलेली असत. रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावामागच्या अरुंद गल्लीत, खाली दवाखाना आणि वर घर असा तिचा कारभार होता. बाप रेल्वेत, मूळचा वर्ध्याकडचा. ही नागपूरला जनावरांची डॉक्टरकी शिकली, परत रायपूरला आली आणि सरकारी नोकरीच्या मागे न लागता स्वतःची पाटी लावून बसली. हात हलका, निदान पक्कं आणि जीभ तिखट. लोक म्हणत, बाईनं टोचलेली सुई जनावराला कळत नाही, मालकाला मात्र बरोबर लागते.

छत्तीसगड राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तसे शहरात साहेब आले, आणि साहेबांमागोमाग साहेबांचे कुत्रे. पूर्वी दवाखान्यात बकऱ्या यायच्या, गाई यायच्या, सिलतऱ्याच्या कारखान्यांतले चौकीदार काळ्या धुळीनं माखलेले अल्सेशियन घेऊन यायचे. ते अजूनही येत. पण आता लाल दिव्याच्या गाडीतून लांब केसांची कुत्री उतरू लागली. कुत्रा साहेबाचा आणि पट्टा ड्रायव्हरच्या हातात. किती दिवसांपासून खात नाही, विचारलं तर ड्रायव्हर म्हणे, मैडम से पूछना पड़ेगा. उल्काचं डोकं तिथंच तापायचं. ज्याला आपलं जनावर जेवलं की नाही हे माहीत नाही त्यानं मातीचा कुत्रा आणून दिवाणखान्यात ठेवावा, असं ती तोंडावर सांगायची.

महालक्ष्म्यांच्या विसर्जनाचा दिवस होता. सकाळीच पंडरी बाजारातल्या एका कापडवाल्यानं मांजर आणलं, अंगात ताप म्हणून माणसाची गोळी खाऊ घातलेलं. मांजराच्या हिरड्या मातकट पडल्या होत्या.

"मेडिकलवाले ने दी थी, मैडम," तो म्हणाला.

"तो मेडिकलवाले को ही खिला देते. मेरे पास काहे को लाए?"

मांजर वाचेल की नाही याची खात्री नव्हती, त्यामुळे ती त्याला अजून बरंच काही बोलली. तिची मदतनीस विमला शांतपणे सलाईन लावत राहिली. पुष्कळ वर्षं इथं काढल्यानं दीदीचा आवाज चढला की सुई लवकर सापडते, एवढं ती शिकली होती.

तेवढ्यात शेखर पांढरीपांडे आणि त्याची बायको शर्मिष्ठा बंटीला घेऊन आले. शेखर नागपूरचा, नव्या राजधानीतल्या एका सरकारी खात्यात बदलून आलेला. शंकरनगरकडच्या सरकारी कॉलनीत राहायचा. मराठी मंडळात ओळख झाली आणि उल्का त्यांच्या घरची होऊन गेली. आदल्याच दिवशी ती त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण जेवून आली होती. शेखरची आई रमाकाकू मूळच्या अमरावतीच्या आणि सोवळ्याला फार कडक. ते तीन दिवस घरात एकीनं दुसरीला शिवायचं नाही, मोलकरणीनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि बंटीची रवानगी गच्चीवरच्या खोलीत. शर्मिष्ठानं पहाटे उठून सगळा सोळा भाज्यांचा स्वयंपाक एकटीनं केला होता, आणि रमाकाकू पाटावर बसून मीठ कुठं कमी आहे ते सांगत होत्या.

बंटी पांढरा, झुबकेदार, एरवी कोणालाही पाहून नाचणारा. आज शेखरनं त्याला चादरीत गुंडाळून उचलून आणला होता. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार चादरीवर उतरली होती, आणि मधूनच तो घशातून घोगरा, तुटका आवाज काढत होता.

"हाड अडकलंय, उल्काताई," शेखर म्हणाला. "कालपासून असंच करून राहिला. पटकन काढून टाका, दुपारी विसर्जन आहे."

उल्का पुढं झाली आणि मध्येच थांबली. तिनं बंटीचे डोळे पाहिले. विमलेला जाड हातमोजे आणायला सांगितलं, स्वतःही घातले आणि टॉर्चचा उजेड दुरूनच तोंडात टाकला. हाड कुठंच नव्हतं. जिभेच्या मुळाशी आणि दाढांना पिकलेल्या केळ्याचा लगदा चिकटला होता, पार आतपर्यंत. घशात अडकलेलं खाली उतरावं म्हणून माणसं केळं देतात, तसं कोणीतरी दिलं होतं. ज्याला गिळताच येत नाही त्या कुत्र्यानं ते आपणहून खाल्लेलं नव्हतं. ते कोणीतरी बोटांनी आत ढकललेलं होतं.

"मधे कुठल्या कुत्र्याशी भांडला होता का हा?"

"पोळ्याच्या आधी. फाटकापाशी एक गल्लीतला अंगावर आला होता. किरकोळ खरचटलं होतं."

"दरवर्षीची सुई?"

शेखर बायकोकडं पाहू लागला. "बदलीच्या गडबडीत राहून गेली. आणि हा घरातच असते, बाहेर जातच नाही."

"हाड नाही हे," उल्का म्हणाली. "हा पिसाळला आहे."

"काहीतरीच काय. तो तर कोणाले चावत नाही."

"जबडाच मिटत नाही तर चावेल कसा? पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं धावून येत नाही, शेखर. काही असे गप्प होऊन जातात आणि लोक त्यांच्या तोंडात हाड शोधत बसतात."

तिनं बंटीला मागच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं आणि दोघांना नळावर साबणानं हात धुवायला पाठवलं. शेखरनं चटकन धुतले आणि रुमालानं पुसले. शर्मिष्ठा मात्र नळाखाली हात धरून उभीच राहिली. तिच्या उजव्या तर्जनीला हळदीनं पिवळी पडलेली चिंधी बांधली होती. काल इतक्या भाज्या चिरायच्या म्हणजे विळी लागणारच, असं उल्काला वाटलं. महालक्ष्म्या झाल्या की विदर्भातल्या निम्म्या बायकांच्या बोटांना चिंध्या असतात.

"आता खरं सांगा," उल्का म्हणाली. "लाळ लागली असेल त्यानं सुया घ्यायच्या. आणि ज्याचा हात त्या तोंडात गेला, ज्याला दात लागला, त्याला जखमेच्या जागीच सीरम द्यावं लागते. आजच्या आज. एकदा हा रोग अंगात उठला की जगातला कोणताच डॉक्टर काही करू शकत नाही. बंटीच्या तोंडात कोणी हात घातला?"

"कोणीच नाही," शेखर म्हणाला.

"मग केळं काय चालत गेलं?"

शर्मिष्ठानं तोंड उघडलं. पण उल्काच्या डोक्यात हिशेब झालेला होता आणि झालेला हिशेब पोटात ठेवणं तिला कधी जमलं नव्हतं.

"तू तर सोवळ्यात. काकू कुत्र्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. म्हणजे कुसुमलेच घालायला लावला, हो ना? तुमच्या मोलकरणीले."

शर्मिष्ठाचं तोंड मिटलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"तिनंच घातला असेल," शेखर जरा मोकळा होऊन म्हणाला. "मी सांगतो तिले. पण आज नको, ताई. घरात बायका जमल्यात, कॉलनीत बोभाटा होईल. संध्याकाळी पाहू."

"संध्याकाळी? तिचा जीव आहे तो, शेखर, तुमच्या खात्यातली फाईल नाही."

"दुपारपर्यंत सांगतो. नक्की."

शर्मिष्ठा पिंजऱ्याशी जाऊन उभी राहिली होती. "त्याले दुखून राहिलं का गं?" तिनं विचारलं. उल्कानं होकारार्थी मान हलवली आणि आता पुढं काय करावं लागेल ते सांगितलं. शर्मिष्ठा रडली, पण नको म्हणाली नाही. ते दोघं गेल्यावर उल्कानं बंटीला शेवटची सुई दिली, आणि विमलेनं त्याला त्याच चादरीत गुंडाळलं.

दुपार झाली तरी फोन आला नाही. शेवटी उल्कानंच लावला. रमाकाकूंनी उचलला.

"कुसुम? ती भांडी घासून राहिली. तिचा भाऊ आला आहे, गावाले न्यायले. काहून?"

"शेखरनं तिले काही सांगितलं का?"

"काय सांगायचं? आता आरतीची वेळ झाली, ठेवतो मी."

उल्काच्या अंगाची आग आग झाली. तिला कुसुमचं सगळं माहीत होतं. भादव्यातल्या तीजाला छत्तीसगडची प्रत्येक लग्न झालेली लेक माहेरी जाते, भाऊ न्यायला येतो, आणि भाऊ आला नाही तर बाई वर्षभर तोंड लपवून फिरते. कुसुमचा भाऊ तीजाला आला तेव्हा रमाकाकूंनी त्याला हात हलवत परत पाठवला होता. महालक्ष्म्यांची भांडी कोण घासणार? आता भांडी घासून झाली की तिनं खुशाल जावं, त्या दूरच्या गावात, जिथं पिसाळलेल्या कुत्र्याच्या जखमेवर मिरची भरतात. महिना-दोन महिन्यांनी तिला पाणी पाहून झटके येऊ लागले असते, तेव्हा पांढरीपांड्यांच्या घरी दुसरी बाई कामाला लागलेली असती.

"विमला, दवाखाना सांभाळ," म्हणत तिनं जुन्या व्हॅनची किल्ली उचलली.

"हव दीदी. गुस्सा मत करना," विमला म्हणाली. ते आगीला तूप नको घेऊ म्हणण्यासारखं होतं.

शंकरनगरपर्यंत उल्का मनातल्या मनात भांडत गेली. फाटकाशी कुसुमचा भाऊ सायकलला पिशवी अडकवून उभा होता. कुसुम मागच्या अंगणात नळावर पितळी घंगाळ्याला चिंच लावत होती. उल्का सरळ पुढच्या खोलीत शिरली. भरजरी लुगड्यांतल्या दोन्ही महालक्ष्म्या अजून उभ्या होत्या, समोर दहीभाताचा नैवेद्य होता आणि कॉलनीतल्या दहा-बारा बायका आरतीला उभ्या होत्या. शर्मिष्ठा तबक घेऊन पुढं, रेशमी पातळात, चिंधीचं बोट पदराआड.

"उल्का, चपला," रमाकाकू ओरडल्या.

"राहू द्या चपला, काकू. तुमचा बंटी पिसाळला होता. सकाळी माझ्याकडं संपला."

आरती थांबली. कोणीतरी लेकराला जवळ ओढलं. शेखर कोपऱ्यातून "ताई, बाहेर बोलू, ताई" करत आला. उल्कानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"याले मी सकाळीच सांगितलं. यानं दुपारपर्यंतचा वायदा केला. तीन दिवस ज्या बाईले उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, तिले कुत्र्याच्या तोंडात हात घालायले बरी आत घेतली तुम्ही. तुमचं सोवळं मोडू नये म्हणून दुसऱ्याचा हात. आणि आता ती गावाले चालली, तर तोंडातून एक शब्द निघून नाही राहिला कोणाच्या. लाज वाटत नाही? देवीसमोर उभं राहून आरत्या म्हणता?"

गलका ऐकून कुसुम मागच्या दाराशी आली होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, हाताला चिंचेचा कोळ.

"कुसुम, घबरा मत," उल्का म्हणाली. "बंटी के मुँह में तूने हाथ डाला था ना? चल, अस्पताल चलते हैं."

कुसुम गोंधळली. "मैं काबर डारहूँ, दीदी? मोला तो भीतर आएच नइ देवत हें. कुकुर तो ऊपर मा रिहिस."

आपल्याला तर आतच येऊ देत नाहीत, कुत्रा वर होता, मग आपण कशाला हात घालू, असं ती म्हणत होती. उल्काला ते खरं वाटलं नाही. बाई मालकिणीला भिऊन खोटं बोलते आहे असंच तिनं धरलं. तिनं पुढं होऊन कुसुमचं मनगट पकडलं आणि तिला आत ओढलं. तशा खोलीतल्या बायका दोन्ही बाजूंनी सरकल्या, पदर सावरले, आणि मध्ये कुसुमभोवती रिकामी जागा झाली. शेजारची वनमाला, जिच्याकडं कुसुम सकाळची झाडलोट करायची, ती भिंतीला टेकून म्हणाली, "कल से मेरे यहाँ मत आना कुसुम. बच्चे छोटे हैं मेरे." दुसरी म्हणाली, "मेरे यहाँ भी." कुसुम मनगट सोडवायला पाहत होती आणि उल्काची पकड घट्ट होती.

"घेऊन जा तिले," रमाकाकू म्हणाल्या. "आणि भांडी बाहेरच राहू दे. पुन्हा धुवावी लागतील."

"तिले सोड, उल्काताई," शर्मिष्ठा म्हणाली.

तिनं तबक खाली ठेवलं आणि बोटाची चिंधी सोडली. तर्जनीच्या पेरावर दाताचा लांब ओरखडा होता, कडा सुजलेल्या.

"मी घातला हात. वरून त्याचं कण्हणं ऐकू येऊन राहिलं होतं. मले वाटलं, हाडच आहे."

शेखर बायकोच्या बोटाकडं पाहत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रमाकाकू एक पाऊल पुढं आल्या.

"केव्हा?"

"काल पहाटे. पुरणाची डाळ चढवायच्या आधी."

"मग आंघोळ केली होतीस का?"

उल्काला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण म्हातारी सुनेच्या तोंडाकडं टक लावून उत्तराची वाट पाहत होती.

"नाही केली," शर्मिष्ठा म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "दुसऱ्यांदा नळ सोडला असता तर तुम्ही विचारलं असतं, काहून. सगळा स्वयंपाक याच हातानं केला. नैवेद्य याच हातानं वाढला. आणि तुम्हीही जेवल्या, आई, चांगलं झालं म्हणाल्या."

"अगं, आम्ही सगळ्याच जेवलो की," मागून एक बाई घाबरून म्हणाली.

"शिजलेल्या अन्नानं काही होत नाही," उल्का कडाडली. "मीही जेवले, मागून घेऊन पुरणपोळ्या खाल्ल्या. तुमच्या देवीनंही खाल्ल्या, तिलेही काही झालेलं दिसत नाही. आणि काकू, पोरगी मरायले निघाली आणि तुम्ही आंघोळ विचारून राहिल्या? तुमच्या भीतीनं तिनं जखम लपवली. आंघोळीले भिऊन. तिचे दिवस घालायची पाळी आली असती, तेव्हाही सोवळंच नेसून बसल्या असत्या का?"

रमाकाकू पाटावर बसल्या. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, पण त्या देवाचं नाव घेत होत्या की आणखी काही, ते कळलं नाही. उल्का थांबली नाही. तिनं मागच्या नळावर शर्मिष्ठाचं बोट साबणानं बराच वेळ धुतलं आणि तिला व्हॅनमध्ये बसवलं. शेखर स्कूटर काढून मागून निघाला. फाटकापाशी कुसुम लाल झालेलं मनगट चोळत उभी होती. भाऊ तिला काहीतरी विचारत होता.

मोठ्या सरकारी दवाखान्याचा रस्ता विसर्जनाच्या मिरवणुकांनी तुंबला होता. उल्का हॉर्नवर हात दाबून बसली होती. राग अजून उतरला नव्हता, आणि आता तो शर्मिष्ठाकडं वळला.

"सकाळी काहून नाही बोललीस? तिथं तर तुझी सासू नव्हती. एवढी शिकलेली तू."

"बोलणारच होतो."

"मग?"

"तू विचारलं, कोणी हात घातला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तूच सांगून टाकलं, कुसुमनं."

"मग नाही म्हणायचं होतं."

"हो. म्हणायचं होतं. रात्रभर विचार केला होता, उल्काताईले सांगू, तिथं लाज नाही. पण तुलेही वाटलंच नाही की सोवळ्यातली बाई कुत्र्यापाशी जाऊ शकते. माझ्या सासूले नाही वाटत, तसंच. मले पळायले रस्ता दिसला, मी पळालो."

उल्कानं हॉर्नवरचा हात काढला. आता ती समोरच्या ट्रकवरच्या गणपतीकडं पाहत राहिली.

दवाखान्यात ओळखीचा डॉक्टर निघाला, म्हणून सीरम लवकर मिळालं. ते बोटाच्या जखमेत, आजूबाजूला, थोडं थोडं टोचावं लागतं, आणि बोटाला मांस ते किती. शर्मिष्ठानं दात आवळले. मग दंडावर पहिली सुई झाली. पुढच्या सुया कधी घ्यायच्या ते डॉक्टरांनी समजावलं, शेखरलाही टोचलं. तो मान खाली घालून बाकावर बसला होता.

"आता भिऊ नको," उल्का म्हणाली. "वेळेवर आलीस. सुया चुकवू नको, वाचशील."

"मी वाचेन," शर्मिष्ठा सुजलेलं बोट दुसऱ्या हातात धरून म्हणाली. "कुसुमले आमच्या कॉलनीत चार घरं होती. वनमालानं सोडलं, तिच्या बाजूचीनं सोडलं. उद्यापर्यंत बाकीची सोडतील. पिसाळलेल्या कुत्र्याची बाई म्हणून तिले कोणी दारात उभं करणार नाही. तिनं तर कुत्र्याले हातही लावला नव्हता."

"मी जातो ना," उल्का घाईनं म्हणाली. "घराघरात जाऊन सांगतो, तिचा काही संबंध नव्हता म्हणून."

शर्मिष्ठानं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं पाहिलं.

"जा, सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगायले तुले छान येते."

उल्का व्हॅनमध्ये येऊन बसली. वनमालाच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तिला कॉलनीच्या फाटकापर्यंत सुचलं नाही.